पूर्णेच्या डोहातली सात हात पट्टी

अमरावतीहून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात कापूस कमी आणि मासळी जास्त होती, हे आधीच कबूल केलेले बरे. मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. वडील मचव्यावर तांडेल होते. त्यांनी मला शाळेत घातले, शाळेच्या जोरावर मी मुंबईत एका कापसाच्या पेढीवर कारकून झालो, आणि अमेरिकेत लढाई पेटून इकडच्या कापसाला भलता भाव आला तेव्हा पेढीने मला उचलून वऱ्हाडात पाठवले. गावोगाव हिंडून उभे पीक पाहायचे आणि झाडांनी बोंडे किती धरली आहेत ते मुंबईला लिहायचे, एवढेच काम. काम वाईट नव्हते. पण अमरावतीत माझी उतरण्याची सोय पेढीच्या अडत्याकडे होती, आणि त्या घरात कांद्याचेसुद्धा नाव काढायची सोय नव्हती. दोन महिने मी वरण, पोळी आणि दुधीभोपळा यांवर काढले. बोंबील स्वप्नात येऊ लागले तेव्हा म्हटले, आता फिरतीवर निघालेच पाहिजे.

दसरा होऊन गेला होता. दर्यापुरावरून अकोल्यास जायचे ठरले. गाडीवान करीमभाई बाळापूरचा, पन्नाशीतला, मेंदीने दाढी रंगवलेला. बैलांशी तो उर्दूत बोले आणि माझ्याशी वऱ्हाडीत. अमरावतीची वेस मागे पडल्यावर मी हळूच विचारले, की वाटेत मासे कुठे मिळतील?

"मासे?" त्याने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिले. "शेटजीच्या घरी उतरता अन् मासे पुसता? बाप्पा! तुमी त छुपे रुस्तम निघाले."

थोडी वाट गेल्यावर त्याला माझी दया आली असावी. "पूर्णेच्या काठी भोई हायत," तो म्हणाला. "कोजागिरी झाली का ते डोह उघडतात. मंग दिवसभर घरोघरी मासेच मासे. पन आपला रस्ता तिकून नाई जात."

"तिकडून नेता येईल का?"

"रस्त्याचं काय हाय, बैलाईले फिरवलं का रस्ता फिरते."

बैल फिरले. पेढीला मी लिहिले, की नदीकाठचे पीक पाहणे फार अगत्याचे आहे.

हा मुलूख आमच्या डोळ्यांना ओका ओका वाटतो. डोंगर नाही, माड नाही, नजर जाईल तिथवर काळी जमीन आणि तिच्यावर कमरेएवढी पराटी (कापसाचे झाड). पिवळी फुले गळून बोंडे धरत होती. ज्या बांधांवर पूर्वी गवत वाढे तिथपर्यंत लोकांनी कापूस नेऊन भिडवला होता. वाटेत जो भेटे तो भावाचे विचारी. एका गावात तर पाणी मागितले, तर लोटा देण्याआधी मुंबईचा भाव विचारला. पाणी तोंडात घेतले आणि मी चमकलो. खारट! पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरींचे पाणी असे खारे आहे, डाळसुद्धा धड शिजत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. मी मात्र दोन लोटे प्यायलो. घरची आठवण झाली, खोटे कशाला सांगू.

नदी कोसभर राहिली आणि एका नाल्यात गाडीचा आस मोडला. पावसाने नाल्याचा उतार खचला होता. एक चाक आत गेले, दुसरे आभाळाकडे पाहू लागले, आणि मी माझ्या वह्यांसकट चिखलात बसलो. करीमभाईने आधी बैल सोडले, त्यांचे पाय चाचपून पाहिले, मग मला हात दिला. जवळच्या गावात सुतार होता, पण कापसाच्या नव्या गाड्या करण्यातून त्याचे डोके वर निघत नव्हते. "चार दिवस लागतीन," तो म्हणाला, "अन् ते बी तुमी रोज येऊन माह्यं डोकं खाल तर." करीमभाई सुतारापाशी राहिला. मी नदीवर भोयांकडे गेलो. कोजागिरीला अजून दोन दिवस होते आणि तिच्यानंतर दोन दिवसांनी डोह उघडायचा होता. एखाद्याचा आस मोडायला याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही.

भोयांची अकरा घरे, सगळी काठावरच्या उंचवट्यावर. कुडाच्या भिंती, पराटीचे छप्पर, दारात उपडी ठेवलेली एखादी होडी. पावसाळ्यात ही मंडळी लोकांना नदीपार नेतात, एरवी मासे धरतात. त्यांचा पुढारी गंगाराम नावाचा म्हातारा. डोळ्यांत पडदा आलेला, पण आवाज खणखणीत. मी दारात उभा राहून नाव गाव सांगू लागलो, तर त्याने मध्येच तोडले.

"कोन म्हनता? कोळी? समुद्रावरचे?"

"हो."

"म्हंजे पान्यातलेच हा. मंग बाहेर काहून उभे? अंदर या."

त्याच्या ओसरीवर माझा मुक्काम पडला. वऱ्हाडी बोलणे पहिल्यांदा कानाला टोचते. पुण्यामुंबईचा माणूस समजतो, की हे आपल्याशी भांडायला उठले. दोन दिवसांनी कळते, की ते जेवायला बसवत आहेत.

डोहाची रीत मला गंगारामानेच सांगितली. गावाखाली नदी वळते तिथे खोल डोह आहे. आषाढ लागला की त्यात कोणी गळसुद्धा टाकायचा नाही. माशांची वीण होते, पूर येतो, जातो, पाणी निवळते. कोजागिरीनंतर ठरल्या दिवशी अकरा घरे मिळून एकच जाळे लावतात. ते जाळे एका मालकाचे नसते. प्रत्येक घराने आपली सात हात पट्टी विणून आणायची, आणि त्या अकरा पट्ट्या एका दोरावर शेजारीशेजारी बांधायच्या. आपली पट्टी आपण बांधायची नाही. डावीकडचा शेजारी डावी कड बांधतो, उजवीकडचा उजवी. जे निघेल त्याचे अकरा वाटे सारखे.

"अन् ज्याची पट्टी नसेल?"

"एक साल चालते. तिथं काटेरी फांद्या लावतो आमी. दोन साल बी चालते. तिसऱ्या साली बी नसली त दोन्ही बाजूचे शेजारी एकमेकाले बांधून घेतात." त्याने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवली. "मंग ते घर गेलं. त्याले डोह नाई, नदी नाई, नावेची पाळी बी नाई."

हे सांगताना त्याचे तोंड शेजारच्या घराकडे होते. तिथे एक बाई कडुलिंबाखाली पाय लांब करून काहीतरी उसवत बसली होती.

तिचे नाव रखमा. वय तिशीच्या पुढेमागे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पटकीने नवरा गेला. घरात ती आणि आंधळी सासू. दोन वर्षे तिच्या जागी काटेरी फांद्या लागल्या होत्या. यंदाचे तिसरे. मी कोळ्याचा, जाळे दिसले की हात शिवशिवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सहज तिच्याकडे गेलो आणि विचारले, की पट्टी किती झाली?

"सूतच नाई त पट्टी कायची?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

मला हसू आले. चहूबाजूंना कोसच्या कोस कापूस, त्याच कापसासाठी साता समुद्रापलीकडून आगबोटी येतात, आणि इथे सात हात जाळ्याला सूत नाही! पण ती सांगू लागली तसे हसू मावळले. पूर्वी शेवटची वेचणी झाली की कुणबी लोक कवडी (किडका, डागाळलेला कापूस) झाडावरच सोडून देत. भोयांच्या बायका तो वेचून आणीत, घरी कातीत आणि त्या सुताची जाळी होत. आता भाव असा चढला, की व्यापारी ती कवडीही चांगल्या कापसात मिसळून खपवतात. शेतकरी बोंडाचे टरफलसुद्धा कोणाला नेऊ देत नाही. इतर घरांतल्या बाप्यांनी तागाचे, अंबाडीचे दोर वळून, जुन्या जाळ्यांचे सूत सोडवून कशीबशी भर केली होती. हिचे जुने जाळे नवरा गेल्यावर उंदरांनी खाल्ले होते.

"मग हे काय उसवता?"

तिने मांडीवरचे कापड पुढे केले. तांबड्या रंगाचे पागोटे होते, आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवलेले, घट्ट हातसुताचे. "त्याचं हाय," ती म्हणाली. "सन लागला का हेच बांधे."

आठ आठ धागे एकत्र पिळून तिने सुताचा गोळा केला होता. मी तो हातात घेऊन तोलला. विणणाऱ्याला अंदाज येतो. दोन बोटांच्या घराने, म्हणजे जाळ्याच्या एका चौकटीतून दोन बोटे जातील इतक्या विणीने, त्यात चार हातसुद्धा होण्यासारखे नव्हते. तिलाही ते ठाऊक होते.

"तुमच्या समुद्रात किती बोटाचं जाळं असते?" तिने विचारले.

"चार बोटांचे. काही याहूनही मोठे."

"मंग चार बोटाचंच करू. लांबी भरते."

"पण बाई, लहान मासे सगळे निसटून जातील."

"मले समजते ते." आता तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "नियम सात हाताचा हाय. सात हात नाई झाले त मी अन् माही सासू कुठं जाऊ, तुमीच सांगा. पराटी वेचाले जाऊ? बुढीले कोन पाहीन?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "विनाले हात लावसान का? अन् कोनाले बोलजा नोको."

मी नाही म्हणू शकलो नाही. खरे सांगायचे तर थोडी घमेंडही होती. समुद्रावरच्या कोळ्याने विणलेली पट्टी म्हटल्यावर या नदीवाल्यांना शंका कुठून येणार? कोणी विचारलेच तर सांगता येईल, की आमच्याकडची हीच पद्धत. मी वचन दिले आणि बांबूची सुई हातात घेतली. तीन दुपारी आम्ही दोघे त्या लिंबाखाली बसून विणत होतो. ती वरून, मी खालून. सासू आत खोकत होती आणि मधूनमधून विचारी, "किती झालं वो?" रखमा म्हणे, "व्हते, मा." सातवा हात भरला तेव्हा मूठभर सूत उरले. ते तिने पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

डोह उघडायच्या दिवशी सकाळी सगळे काठावर जमले. गंगारामाने नदीला हळदकुंकू वाहिले, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पाण्यात सोडला. मग दोर वाळूवर लांब पसरला आणि पट्ट्या बांधायला सुरुवात झाली. पांढुरक्या, मातकट जाळ्यांच्या रांगेत रखमेची पट्टी तांबडी लाल. लांबूनही उठून दिसे. तिच्या डाव्या अंगाला सखाराम नावाचा धिप्पाड भोई होता. घरात खाणारी तोंडे नऊ. उजव्या अंगाला खुद्द गंगाराम. मी दोघांच्या बोटांवर नजर ठेवली. सखाराम तंबाखू चघळत, आभाळाकडे पाहत गाठी मारीत होता. गंगारामाची बोटे तांबड्या सुतावर आली, क्षणभर थांबली, आणि पुन्हा चालू लागली. "पुढं चला," तो म्हणाला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला पडदा कामी आला, असे मला वाटले.

तरंगायला दुधीसारखे वाळके भोपळे वरच्या दोराला, वजनाला भाजलेल्या मातीच्या गोळ्या खालच्याला. बाप्ये गळ्याएवढ्या पाण्यात उतरले. बायका दोन्ही काठांवर दोर धरून उभ्या. गंगाराम हाळी देई आणि सगळे एकदम ओढीत. आमच्याकडे ओढताना गाणे म्हणतात, इथे नुसतेच "हां" आणि "आन". जाळे अर्धवर्तुळ करीत उथळाकडे येऊ लागले, पाणी गढूळ झाले, शेपट्या दिसू लागल्या. आणि मग मला नको होते तेच दिसले. सात हात रुंद जागेत पाणी चमचमत होते. तांबड्या पट्टीतून बारकी मासळी सळसळत बाहेर पडत होती, चाळणीतून पीठ पडावे तशी. मोठे मासे अडले. मरळ, शिंगाडा, हाताएवढ्या जाड वाम. पण भोयांचे खरे पोट त्या बारक्या मासळीवर. ती वाळवून ते हिवाळाभर खातात. तीच निम्मी गेली.

पहिला मासा गंगारामाने कुंकू लावून परत सोडला. बाकीचे पळसाच्या पानांवर ओतले. अकरा ढीग झाले, पण बेताचेच.

"यंदा पूरच कमी होता," एकजण म्हणाला.

"पानी लवकर निवळलं," दुसरा म्हणाला.

"बगळे लय झाले सालं."

पूर यंदा मोठा होता, हे मला करीमभाईने सांगितले होते. नाल्यात मी स्वतःच बसलो होतो. मी ही भाबडी माणसे नदीला आणि बगळ्यांना दोष देताना ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. सखारामाची बायको आपल्या ढिगाकडे पाहून उगाच पान सारखे करीत होती. तिच्या कडेवरचे मूल मासे पाहून हात पसरत होते. मला वाटले, आपण यांच्या ओसरीवर राहिलो, यांची भाकरी खाल्ली आणि यांच्याच तोंडचा घास पाण्यात सोडला.

वाटे वाटायचीही रीत आहे. प्रत्येक घराची एक खूण असते. कोणाचा चिंचोका, कोणाची खापरी, रखमेच्या घरचा निळा मणी. सगळ्या खुणा गंगारामाच्या हातात देतात, तो डोळे मिटून एकेका ढिगावर एकेक टाकतो, म्हणजे कोणाला कमीजास्त दिल्याचा बोल नको. त्याने मूठ उघडली, आणि मी उठून उभा राहिलो.

"थांबा," मी म्हणालो. "दोष पुराचा नाही. ती तांबडी पट्टी चार बोटांची आहे. मासे तिच्यातून गेले. मी विणली आहे ती. चूक माझी."

माझा अंदाज होता, की आता आरडाओरडा होईल, मला शिव्या बसतील, आणि त्या मी मुकाट्याने खाईन. शिव्या नाहीत, काही नाही. कोणीही पट्टीकडे वळून पाहिले नाही. सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते.

"पाहुने," गंगाराम म्हणाला, "डोहावर पाहुन्याचं बोलनं कोनी कानात घेत नाई. बसा खाली."

"पण मी खरे सांगतो. तुम्ही हात घालून पाहा, चार बोटे—"

"अन् बांधतानी आमची बोटं काय झोपली होती?" सखाराम ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "ते पागोटं आमाले वळखू येत नाई? बसा न राजेहो चुपचाप!"

मी बसलो. भोयाला जाळ्याचे घर कळणार नाही, असे मला वाटले होते! जन्मभर ज्यांनी अंधारात, पाण्याखाली बोटांनी जाळी चाचपली, त्यांच्या बोटांना मी फसवायला निघालो होतो. त्यांनी पट्टी पसरली तेव्हाच पाहिले होते. निम्मी मासळी जाणार हे गंगारामाला ठाऊक होते, सखारामाला ठाऊक होते, दोर धरणाऱ्या बायकांनाही ठाऊक होते. नियम पट्टीचा होता आणि पट्टी आली होती. चार बोटांबद्दल कोणी बोलणार नव्हते, म्हणून ती खोट नव्हतीच.

मी रखमेकडे पाहिले. ती सखारामाकडे पाहत होती, मग गंगारामाकडे, मग एकेकाकडे. तिच्याकडे कोणीही पाहत नव्हते. गंगारामाने डोळे मिटले आणि खुणा टाकू लागला. निळा मणी चौथ्या ढिगावर पडला. रखमेने पदर डोक्यावरून पुढे ओढला, ढीग टोपलीत भरला आणि कोणाशी न बोलता घराकडे गेली.

दुपारी जेवणे. त्या दिवशी कोणी आपल्याच घरी पोटभर जेवत नाही. प्रत्येक घरी थोडे थोडे खात अकरा दारे फिरायचे. इमानाने सांगतो, अन्न उत्तम होते. नारळाशिवाय मासळी शिजते, यावर रेवदंड्यात कोणी विश्वास ठेवणार नाही, पण शिजते. जवसाच्या तेलात मरळीचे तुकडे, सुक्या मिरचीचा ठेचा, अंबाडीच्या आंबट पाल्यात झिंगे (नदीतल्या कोळंब्या), विस्तवावर भाजलेले खेकडे, आणि ज्वारीची भाकरी. करीमभाई आस दुरुस्त करून आला होता. तो पहिल्या दारापासून सातव्यापर्यंत खात गेला आणि तिथे आडवा झाला. लोक माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत होते. सखारामाने तर आपल्या ताटातली वाम माझ्या पानात टाकली आणि म्हणाला, "खा. समुद्रात असलं काई भेटत नाई." मी ती पानाच्या कडेला सारली.

आठवे दार रखमेचे. जावे की टाळावे? टाळले असते तर सगळ्यांना दिसले असते. गेलो. तिने पान मांडले, माशाचा रस्सा वाढला. सासू भिंतीला टेकून आनंदाने जेवत होती. तिला काहीच माहीत नव्हते.

"तुमाले म्हनलं होतं, बोलजा नोको," रखमा हळूच म्हणाली.

"चुकलो."

"मले वाटत होतं, मी सगळ्याईले फसवलं. लाज वाटे. पन मनात म्हनो, रखमे, कसं का व्हयना, तुनं आपल्या हातानं घर धरून ठेवलं." ती रश्शाचे पातेले उगाच ढवळत होती. "आता समजलं का त्यायनं धरून ठेवलं. ते कदी बोलले नसते. मी मरतवर बोलले नसते. आता मी त्याईच्या दारी वर मान करून कशी जाऊ?"

मी भाकरीचा तुकडा मोडून रश्शाच्या कडेला ठेवला.

"खा," ती म्हणाली. "थंड व्हते."

मी खाल्ले. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. मी समजत होतो, की मी मोठा खरा माणूस, वचनापेक्षा सत्य मोठे मानणारा. खरे काय ते आता दिसत होते. माझ्या मनाला टोचत होते आणि ते टोचणे मला उतरवून टाकायचे होते. मी ते उतरवले आणि तिच्या डोक्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर निघालो. गंगाराम उतारापर्यंत आला, त्याने दोन वाळल्या वामा केळीच्या सोपात बांधून दिल्या आणि "येजा," म्हणाला. रखमेचे दार बंद होते. करीमभाई वाटभर मासळीच्या गोष्टी सांगत होता. अर्ध्या वाटेत तो आपला आपण थांबला आणि म्हणाला, "तुमचा जीव साफ होता साहेब. पन साफ जीव बी कदी कदी दुसऱ्याचं घर झाडते." मी त्याला बैल हाकायला सांगितले.

अकोल्याला पोचलो. मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात ज्यांच्याकडे उतरायचे होते तेही पेढीचे सोवळे अडते. वामांचा वास घरात जाऊ नये म्हणून मी त्या करीमभाईला देऊन टाकल्या, नदीत अंघोळ केली आणि पुन्हा दुधीभोपळ्याच्या स्वाधीन झालो. नदीकाठचे पीक चांगले आहे, असे मुंबईला लिहिले. ते खोटे नव्हते.

पण चैन पडेना. मुंबईच्या गिरणीचे मजबूत सूत पेठेत विकायला आले होते. दोन बोटांच्या घराने दोन पट्ट्या होतील इतकी लड मी घेतली आणि करीमभाई त्या बाजूला जात होता त्याच्याबरोबर पाठवली. पंधरा दिवसांनी तो आला. लड जशीच्या तशी त्याच्या काखेत.

"नाई घेतलं," तो म्हणाला. "कुणब्याच्या शेतात वेचाले जाऊन राहिली थे. बाकीच्या बाया मजुरीचे पैसे मांगतात, थे म्हनते मले कापूसच द्या. कवडी द्या, पन कापूस द्या. बुढीले सखारामाची बायको पाहते दिवसा."

"काही निरोप?"

"हाय न." त्याने दाढी कुरवाळली. निरोप सांगावा की नाही याचा विचार केला असावा. "म्हने, पाहुन्याले सांगजा, सूत नोको. चूप राहाले शिकला असन त पुढच्या साली ये म्हनाव."

हा वृत्तान्त लिहावा की नाही, यावर मी बरेच दिवस घातले. लिहिणे हेही एक बोलणेच. पण त्या अकरा घरांनी त्या सकाळी केले ते कोणीतरी कुठेतरी सांगितले पाहिजे, असेही वाटले. म्हणून मधला मार्ग काढला. गावाचे नाव मी वर कुठेच घातलेले नाही. रखमा हे तिचे नाव नव्हे आणि पागोट्याचा रंग तांबडा नव्हता. कोणी रेवदंडेकर हौसेने पूर्णेकाठी जाऊन विचारू लागला, तर त्याला काही सापडणार नाही.

पुढच्या आश्विनात मी जाणार आहे. पट्ट्या बांधतील तेव्हा दोराकडे पाठ करून बसेन म्हणतो.